परवाना आरोग्याचा, विमाही आरोग्याचा

महाराष्ट्रात दारू कायदेशीरपणे प्यायची तर परवाना लागतो आणि तो परवाना प्रकृतीच्या कारणासाठी मिळतो. यात विनोद काहीच नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे; नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले, इतकेच. कायदा बंदीचा आणि दुकाने उघडी, हे एकाच वेळी चालवायचे तर मध्ये एक वाट ठेवावी लागते. ती आरोग्याच्या नावाने ठेवली गेली. परवानाधारकाला आपले आरोग्य राखण्यासाठी आणि टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, अशी त्या कागदाची भाषा आहे. बारमध्ये तो सहसा कुणी मागत नाही आणि हातात असला तरी कुणी वाचत नाही. पण कायद्याच्या लेखी टेबलावर बसलेला माणूस जवळजवळ औषधच घेत असतो. आता त्याच माणसाच्या कपाटातला दुसरा कागद काढू. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘काय मिळणार नाही’ याची एक यादी असते. तिच्यातले ‘एक्स्क्ल १२’ हे कलम सांगते की मद्यासक्ती, अमली पदार्थांचा गैरवापर किंवा कोणतीही व्यसनाधीनता यांवरचे उपचार आणि त्यांचे परिणाम यांचा खर्च कंपनी देणार नाही. पिण्याची परवानगी आरोग्यापायी, आणि पिण्याने आरोग्य गेले की विम्याचे दार बंद.

याचे समर्थन नेहमी हिशेबाच्या भाषेत होते. विमा म्हणजे जोखमीचे गणित. जोखीम मोजता येत नसेल किंवा माणूस ती स्वतःहून ओढवून घेत असेल, तर तिचा विमा कसा उतरवायचा? ऐकायला हे पटते. पण या कलमाची वंशावळ शोधत गेले की गणित फार उशिरा भेटते आणि निवाडा फार आधी. व्यसनी माणसाविषयीचे समाजाचे मत पॉलिसीत आधी शिरले, आकडे नंतर जमले, आणि जमलेल्या आकड्यांनी त्या मताला फारशी साथ दिली नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी सुरुवात थोडी लांबून, १८४०च्या लंडनपासून करावी लागेल.

त्या वर्षी रॉबर्ट वॉर्नर नावाचा एक क्वेकर पंथाचा गृहस्थ आयुर्विमा घ्यायला गेला. तो दारूला शिवत नसे. कंपनीने त्याच्याकडे जादा हप्ता मागितला, आणि कारण हेच दिले की तो दारू पीत नाही! बिअर आणि वाइन न घेणारा माणूस त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशक्त आणि जरा विक्षिप्त समजला जाई. असा माणूस फार दिवस काढणार नाही, हे विमा कंपनीचे व्यावसायिक मत होते. वॉर्नरने जादा हप्ता भरला नाही. त्याने आपल्यासारख्या निर्व्यसनी लोकांना घेऊन स्वतःची विमा संस्था काढली. पुढे तीच ‘युनायटेड किंग्डम टेंपरन्स अँड जनरल प्रॉव्हिडंट इन्स्टिट्यूशन’ या लांबलचक नावाने ओळखली गेली. काही वर्षांनी पिणाऱ्यांनाही तिथे प्रवेश मिळाला, पण दोन्ही गटांचे हिशेब वेगळ्या खात्यांत ठेवले गेले. अनेक दशकांनी ती खाती शेजारी ठेवून पाहिली तेव्हा न पिणाऱ्यांच्या खात्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे कमी निघाले. विम्याच्या जगाने मग आपले मत बदलले, आणि आपण पहिल्यापासून तसेच म्हणत होतो अशा थाटात बदलले. या गोष्टीतून दोन गोष्टी हाती लागतात. दारूविषयी विमा कंपनीचे मत तिच्या काळाच्या चालीरीतीतून येते, ही एक. दुसरी अशी की ते मत तपासायचे झाले तर पिणाऱ्यांना हिशेबात घ्यावे लागते. ज्यांना दारातूनच परत पाठवले त्यांचे गणित कुणाला कधी करता येणार?

आपल्याकडे दारू आणि भरपाई यांची पहिली ठळक गाठ १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात पडली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, असा हा कायदा. त्यात एक अपवाद होता: अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल आणि अपघात थेट त्यामुळेच घडला असेल, तर मालकावर जबाबदारी नाही. पण १९३३च्या दुरुस्तीने त्या अपवादालाही अपवाद जोडला. कामगार मृत्युमुखी पडला तर ही सबब चालेनाशी झाली. त्याच्या विधवेला आणि मुलांना भरपाई द्यावीच लागे. पुढे कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही हेच संरक्षण मिळाले. साम्राज्याच्या काळातला, मालकांच्या कलाने लिहिलेला म्हणून ज्याला नावे ठेवता येतील अशा या कायद्याची बारकाई पाहण्यासारखी आहे. त्याने पिणाऱ्या माणसाला बाद केले नाही. त्या वेळी, त्या कृतीमुळे, थेट घडलेली इजा एवढीच बाजूला काढली, आणि शिक्षेची झळ घरच्यांपर्यंत जाऊ लागली तिथे पुढे हातही आखडता घेतला. नशेत घडलेला अपघात आणि नशेचा आजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे १९२३च्या मसुदाकाराला कळत होते. आजच्या पॉलिसीतले ‘आणि त्यांचे परिणाम’ हे शब्द त्या दोन्हींची मोट एकत्र बांधतात.

सरकारला मात्र पिणारा माणूस रोगी म्हणून दिसायला फार वेळ लागला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याच्या काळात तो गिऱ्हाईक होता. घरची मोहाची दारू आणि शेजारच्या माडाची ताडी यांवर निर्बंध आणून गाळप मक्त्यांकडे आणि सरकारी देखरेखीखाली गेले, आणि अबकारी हे जमीन महसुलाच्या खालोखाल मुंबई इलाख्याचे उत्पन्न होऊन बसले. स्वातंत्र्य चळवळीने या उत्पन्नावर हल्ला चढवला. १९३७मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तिची धुरा हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला गेला, आणि घरमालकांनी बरीच ओरड केली. म्हणजे दारूची किंमत न पिणाऱ्यांनी वाटून घ्यायची, हा प्रयोग मुंबईने एकदा केलेला आहे. फक्त ती वाटणी उपचारांसाठी नव्हती, बंदीसाठी होती. स्वातंत्र्यानंतर बंदी सगळ्या मुंबई राज्यात गेली, संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाने तिला धोरणाचे बळ दिले, आणि पिणारा आता गुन्हेगार झाला. साठच्या दशकात बंदी सैल पडली, १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि तो पुन्हा गिऱ्हाईक झाला. गिऱ्हाईक, गुन्हेगार, पुन्हा गिऱ्हाईक. या येरझाऱ्यांत त्याच्या यकृताचे आणि मेंदूचे काय होते हा प्रश्न सरकारी कागदांवर क्वचितच आला. अफूच्या बाबतीत तरी नोंदणी झालेल्या व्यसनींना ठरलेल्या मापाने अफू द्यायची पद्धत होती. तिच्यात निदान हे मान्य केलेले होते की हा माणूस उद्या सकाळी मनात आले म्हणून सोडू शकणार नाही.

मग ऐंशीचे दशक आले. मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मध्यमवर्गीय घरांतली मुले उचलली आणि व्यसन हा एकाएकी सर्वांचा विषय झाला. चेन्नईत टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाचे रुग्णालय १९८०पासून, वांद्र्यात फादर जो परेरांचे कृपा फाउंडेशन १९८१पासून काम करत होते. पुण्यात अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांची देणगी आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचा अनुभव यांतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. जागा मनोरुग्णालयातली, पैसा देणगीचा: यातच पुढच्या सगळ्या गुंत्याचे बीज आहे. उपचार वैद्यकीय होते, पण त्यांचा खर्च दानधर्माच्या खात्यात पडला. दिल्लीतही तसेच झाले. नोव्हेंबर १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. त्यात व्यसनींची ओळख आणि उपचार यांसाठी केंद्रे काढण्याची तरतूद होती, आणि १९८९च्या दुरुस्तीने स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षणही दिले. पण व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देण्याचे मुख्य काम आरोग्य खात्याऐवजी कल्याण मंत्रालयाकडे गेले, जे पुढे सामाजिक न्याय मंत्रालय झाले. क्षयरोग आरोग्य खात्याचा आणि व्यसन कल्याण खात्याचे, अशी वाटणी एकदा झाली की व्यसनी माणसाला मिळणारा उपचार ही मेहेरबानी ठरते. मेहेरबानीला बिल नसते, आणि बिल नसेल तर विम्यालाही काम उरत नाही.

मुक्तांगण निघाले त्याच १९८६ साली सरकारी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने आपल्या चार कंपन्यांमार्फत ‘मेडिक्लेम’ बाजारात आणली. भारतातल्या घराघरांत पोचलेला आरोग्य विमा इथून सुरू होतो, आणि आपले कलमही इथेच भेटते. ते त्या वेळी स्वतंत्र नव्हते. एकाच दमात पुढील गोष्टी वगळल्या होत्या: आजारानंतरची विश्रांती, सर्वसाधारण अशक्तपणा, बाहेरून दिसणारे जन्मजात व्यंग, वंध्यत्व, गुप्तरोग, हेतुपुरस्सर स्वतःला केलेली इजा, आणि अमली पदार्थ वा दारूचे सेवन. या यादीला जोखमीचे गणित म्हणायचे असेल तर त्यातले समान सूत्र कुणीतरी दाखवावे. वंध्यत्व आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची वारंवारिता सारखी नाही, खर्च सारखा नाही, अनिश्चितताही सारखी नाही. सारखी आहे ती फक्त कुजबुज. चारचौघांत ज्याचे नाव काढत नाहीत, ते सगळे एका ओळीत कोंबून दार लावून घेतले आहे. शिवाय त्या वेळी हिशेब करायला साधन तरी काय होते? अमली पदार्थांच्या देशातल्या व्याप्तीची पहिली मोठी राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली ती २००४मध्ये, कलम लिहून अठरा वर्षे झाल्यावर.

पुढच्या काळात त्या ओळीतली काही नावे सुटत गेली. २०१७च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने विम्यातल्या भेदभावावर बंधन आणले. विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी वगळणुकीची कलमे प्रमाणित करून त्यांना क्रमांक दिले, त्या अठरा कलमांत गुप्तरोगाचे नाव नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरायला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. दारू मात्र जागची हलली नाही. उलट जुन्या कलमात तिच्याविषयी ओझरता उल्लेख होता, नव्या यादीत तिला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ‘कोणतीही व्यसनाधीनता’ व ‘परिणाम’ यांची जोड मिळून तिचा पसारा वाढला. शेजारही बघण्यासारखा आहे: तेरावे कलम निसर्गोपचार केंद्रे आणि स्पा यांचे आहे, पाचवे विश्रांती आणि पुनर्वसनाचे. दारू सोडवताना माणसाला होणारे झटके आणि भ्रम जिवावर बेतू शकतात. त्या उपचारांना स्पाच्या शेजारी जागा मिळाली.

हे सगळे घडत असताना देशाच्या कायद्याने प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते, आणि म्हणूनच २०१९ची ती यादी कोड्यात टाकते. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनींसाठी स्वतंत्र रुग्णालये काढण्याची मुभा देऊन थांबला होता. २०१७च्या कायद्याने, जो २९ मे २०१८पासून लागू झाला, मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश केला. त्याच्या २१व्या कलमाचे चौथे पोटकलम असे की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विम्याची तरतूद करावी. ऑगस्ट २०१८मध्ये नियामकाने कंपन्यांना हे पोटकलम पाळण्याचे पत्र पाठवले. त्यानंतर तेरा महिन्यांनी त्याच नियामकाने प्रमाणित यादी काढली. तिच्यासोबत मानसिक आजार सरसकट वगळायला मनाई केली, आणि व्यसन वगळायला क्रमांक देऊन मोकळीक दिली. २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मानसिक आजाराच्या एका दाव्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की कायदा लागू झाल्या दिवसापासून कंपन्या बांधल्या गेल्या आहेत. तो दावा व्यसनाचा नव्हता, त्यामुळे बाराव्या कलमाला धक्का लागला नाही.

कंपन्यांच्या बाजूने इथे दोन कायदेशीर युक्तिवाद होतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा: कायदा गैरवापराशी ‘संबंधित मानसिक अवस्था’ म्हणतो, खुद्द व्यसन म्हणत नाही, तेव्हा दारूमुळे भ्रम झाला तर तो आजार, पण दारूची आसक्ती हा नाही. पण कायद्याचे तिसरे कलम सांगते की मानसिक आजार ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारखे मान्य वैद्यकीय निकष वापरायचे. त्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एफ १०पासून एफ १९पर्यंतचे सगळे घर मादक पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचे आहे, आणि व्यसनाधीनतेचे निदान त्यातच येते. दुसरा युक्तिवाद जास्त चतुर आहे. ‘शारीरिक आजाराच्याच धर्तीवर’ ना? मग दारूने झालेला यकृताचा आजारही आम्ही देत नाही, म्हणजे वागणूक समानच झाली! यावर असे विचारावे लागते की शारीरिक आजारांत कारणाचा असा पाठलाग आणखी कुठे होतो? तंबाखू हे व्यसन आहे, आणि बाराव्या कलमाचे शब्द अक्षरशः लावले तर तंबाखूमुळे होणारा प्रत्येक तोंडाचा कर्करोग आणि विडी ओढणाऱ्याचा प्रत्येक हृदयविकार नाकारता येईल. तसे सरसकट होत नाही, होऊ नये. झाले तर आरोग्य विमा कुणी घेणारच नाही. म्हणजे कलम शब्दांनुसार चालत नाही, ज्या व्यसनाला समाजाने नाक मुरडले त्यावरच ते चालते.

यानंतरचा आक्षेप नेहमीचा, आणि मनापासून केलेला: न पिणाऱ्याने पिणाऱ्याच्या उपचाराचा हप्ता का भरावा? विम्याची कल्पना भिशीपेक्षा वेगळी आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात लागू नये अशीच इच्छा असते. ज्याला मूतखडा कधी झाला नाही तो इतरांच्या मूतखड्याचे पैसे भरतोच, आणि साखरेचे पथ्य न पाळणाऱ्या मधुमेही शेजाऱ्याचेही भरतो. दारूपुरता हिशेब काटेकोर करायचाच तर पूर्ण करू: राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये उत्पादन शुल्क म्हणून पिणारेच भरतात, आणि त्यातून न पिणाऱ्यांचे रस्ते होतात. उपचार फुकट मिळू लागले तर लोक बेफिकीर होऊन जास्त पितील, हा या आक्षेपाचा जुळा भाऊ. पाच आठवडे घरदार सोडून व्यसनमुक्ती केंद्रात राहण्याचे आमिष कुणाला पडते, हे मला समजलेले नाही. गाडीचा विमा असलेला माणूस कदाचित बेदरकार चालवत असेल. पण यकृताचा विमा आहे म्हणून कुणी चौथा पेग भरल्याचे ऐकिवात नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला आकड्यानेच उत्तर द्यायला हवे. व्यसन उलटते, पुन्हा पुन्हा दाखल व्हावे लागते, मग कंपनीने किती वेळा पैसे मोजायचे? २०००मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. त्यांनी दाखवले की व्यसन उलटण्याचे प्रमाण मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांमध्ये उपचार सुटून आजार बळावण्याच्या प्रमाणाजवळच जाते. दम्याचा रुग्ण तिसऱ्यांदा दाखल झाला म्हणून त्याचा विमा कुणी संपवत नाही. प्रत्यक्ष खर्चाचा पुरावाही अमेरिकेतच आहे. तिथे २००१पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा योजनांत मानसिक आजार आणि व्यसन यांना इतर आजारांइतकेच संरक्षण देणे सक्तीचे झाले. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात दिसले की उपचारांवर व्यवस्थापनाची देखरेख असेल तर समान संरक्षणाने एकूण खर्च वाढत नाही. त्याच देशाने उलटा प्रयोगही करून पाहिलेला आहे. १९४७च्या नमुना कायद्याने नशेत झालेल्या इजांचे पैसे नाकारायची मुभा विमा कंपन्यांना दिली होती. परिणाम असा झाला की अपघात विभागातले डॉक्टर रक्तातल्या अल्कोहोलची चाचणीच टाळू लागले, कारण अहवाल आला की बिल अडकणार. ज्याला त्याच क्षणी व्यसनाविषयी सांगायला हवे होते तो रुग्ण टाके घालून घरी गेला. २००१मध्ये विमा आयुक्तांच्या संघटनेने ती शिफारस बदलली. आपल्याकडे केस पेपरवर ‘दारूचा इतिहास’ ही नोंद पडली की क्लेम अडकू शकतो, हे डॉक्टर, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) आणि रुग्णाचे नातेवाईक तिघांनाही ठाऊक असते. त्यातून निर्माण होणारा मोह सांगायला नको. माहिती दडवण्याचे समर्थन करता येत नाही. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसी घेताना लपवलेल्या मद्यासक्तीमुळे नाकारलेला दावा नाकारलेलाच ठेवला, आणि करार म्हणून ते बरोबर आहे. पण खरे बोलले तर काहीच मिळत नाही, अशा फॉर्मवर खरे बोलण्याची सवय कुणाला लागणार?

भारतात हे परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आयुष्मान भारत योजनेतली उपचारांची यादी पाहावी. २०१८मध्ये सुरू झालेल्या या सरकारी विम्यात मानसिक आजारांची जी पॅकेजेस आहेत, त्यांत मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनविषयक विकार हे एक आहे. त्यात दीर्घ पुनर्वसन येत नाही, येतो तो रुग्णालयातला मुक्काम. तरीही ज्याची जोखीम मोजताच येत नाही असे सांगितले जाते, त्याचा दर ठरवून सरकारने छापला आहे. गरिबाच्या कार्डावर जे आहे ते हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या पॉलिसीत नाही, असा हा दुर्मीळ प्रकार.

एक आक्षेप मला निरुत्तर करतो, निदान अर्धा. व्यसनमुक्ती केंद्र नावाच्या फलकाखाली आपल्याकडे काहीही चालते: कुठे नुसती कोंडून ठेवलेली माणसे, कुठे मारहाण, कुठे डॉक्टरचा पत्ता नाही. अशांना विम्याचा पैसा दाखवला तर खोटी बिले आणि जबरदस्तीचे मुक्काम वाढतील, ही भीती रास्त आहे. विम्याच्या परिभाषेत रुग्णालय म्हणजे ठरावीक कायद्यांखाली नोंदलेली संस्था, किंवा मग किमान खाटा, चोवीस तास परिचारिका आणि स्वतःचे शस्त्रक्रियागृह असलेली जागा. समुपदेशनावर चालणाऱ्या केंद्राला शस्त्रक्रियागृह कशाला, हा प्रश्न आहेच. पण काही कसोटी हवी हेही खरे. ती २०१७च्या कायद्यात तयार आहे: मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी, किमान मानके, आणि रुग्णाला साखळदंड घालण्यावर पूर्ण बंदी. पैसा नोंदणीकृत जागीच मिळेल म्हटले तर नोंदणीला मोल येईल. आज ते नाही, कारण नोंदणी केली काय आणि न केली काय, बिल रुग्णाची आईच भरते.

एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली पाहणी २०१९मध्ये, म्हणजे बाराव्या कलमाला क्रमांक मिळाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ५.७ कोटी, त्यांतले सुमारे २.९ कोटी पूर्णपणे दारूच्या अधीन. दारूच्या अधीन असलेल्यांपैकी कसलाही उपचार मिळाल्याचे सांगणारा ३८मध्ये एक, रुग्णालयात दाखल झालेला १८०मध्ये एक. बाकीचे रुग्णालयात येतच नाहीत असे नाही. ते स्वादुपिंडाला सूज आली म्हणून येतात, हाड मोडले म्हणून येतात, रक्ताची उलटी झाली म्हणून येतात, आणि त्यांतली कित्येक बिले दुसऱ्या नावाने विम्याकडे जातात. मूळ आजाराचे बिल तेवढे कुणाकडेच जात नाही. नियामकाला यात फार मोठे काही करायचे नाही. १९२३च्या कायद्याने आखलेली रेघ पुन्हा आखता येईल: नशेच्या अमलाखाली, थेट त्यामुळे ओढवलेली इजा हवी तर वगळा, आणि ‘यांवरचे उपचार’ एवढे दोन शब्द बाराव्या कलमातून काढा.